सैल राहिलेलं झाकण

हेमला राठोड ही पोहरादेवीजवळच्या एका तांड्यावरची पहिली बी.एस्सी. गेली नऊ वर्षं ती कारंज्यात सन्मतीभाऊंच्या प्रयोगशाळेत गोळ्या-औषधं तपासायची. जवळ प्रमाण औषधाच्या बोटभर बाटल्या असायच्या, आत खात्रीची शुद्ध पावडर. कंपनीच्या गोळीत औषध पुरेसं आहे की नाही, हे त्या पावडरीशी ताडूनच ठरायचं.

श्रावणातल्या एका शनिवारी तिने मिरगीच्या औषधाची बाटली काढली. पावडर ओलसर होऊन काचेला चिकटली होती. हे औषध हवेतलं पाणी ओढून घेतं. गुरुवारी झाकण न फिरवताच हातात आलं होतं, हे तिला आता आठवलं. सोमवारी ते बसवलं होतं तिनेच. गुरुवारी त्याच पावडरीवर तिने एका कंपनीचा माल पास केला होता. पावडरीत पाणी शिरलेलं, म्हणजे तिच्याशी ताडलेली कमजोर गोळीही पुरी भरली असणार.

बाटली फेकून नवी उघडली असती तर कोणाला कळलं नसतं. हा विचार तिच्या मनात आला, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. तांड्यावरच्या बाबूसिंगकाकांना मिरगी होती; एक गोळी चुकली तरी ते कोसळायचे, एकदा तर चुलीपाशीच. त्यांचा भाजलेला हात तिने लहानपणी पाहिला होता.

ती भाऊंच्या टेबलापाशी गेली. बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

"भाऊ, गुरुवारचा रिपोर्ट चुकला असन. झाकण माह्याच हातून सैल राह्यलं."

भाऊंनी बाटली उजेडात धरली. मग म्हणाले, "पयले तपासू. मंग घाबरू."

त्यांनी कंपनीला फोन करून माल थांबवायला सांगितलं. दोन खोकी मानोऱ्याला निघून गेली होती.

नवी बाटली उघडून हेमलाने पुन्हा तपासणी लावली. दुपारी आकडा आला: सत्याऐंशी टक्के. नव्वदच्या खाली माल नापास. तिने तो आकडा तीनदा वाचला.

रविवारी ती एसटीने मानोऱ्याला गेली. दुकानदाराने खोकी परत बांधली, पण एक पट्टी विकली गेली होती, एका शाळकरी मुलीसाठी. दुकानदाराकडून पत्ता घेऊन हेमला त्या घरी पोचली तेव्हा दार बंद होतं. कडी वाजवताना तिला आतून काय ऐकू येईल याचीच धास्ती होती.

दार मुलीनेच उघडलं. आईने पट्टी दाखवली, दोन गोळ्या कमी होत्या. हेमलाने काही न लपवता सगळं सांगितलं आणि दुकानातून घेतलेली जुन्या, चांगल्या मालाची पट्टी दिली. आईने मुलीला जवळ ओढून घेतलं. ते बघणं हेमलाला जड गेलं.

मुलगी सुखरूप राहिली. भाऊंनी हेमलाला कामावर ठेवलं. अजूनही रिपोर्टवर सही करण्याआधी ती उठते, कपाट उघडते आणि प्रत्येक झाकण हाताने फिरवून बघते.