वाइंडिंगवाले भाऊ आणि ताईची गिटार

बडनेऱ्याच्या वाइंडिंगवाल्या भाऊंइतका चौकस माणूस मी अख्ख्या वऱ्हाडात दुसरा पाहिला नाही. त्यांच्याकडे एखादी वस्तू दुरुस्तीला नेणं म्हणजे मुलीचं स्थळ घेऊन जाणं. आधी घराण्याची चौकशी, मग निवांत पाहणी, आणि मनात भरलंच तर पुढची बोलणी. खरा धंदा विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी नव्याने गुंडाळून देण्याचा. एकदा संत्र्याच्या बागेचे एक मालक जळालेली मोटार घेऊन घाईघाईने आले, तर भाऊ विचारू लागले, कोणत्या वेळी जळाली, तेव्हा जवळ कोण होतं, त्या दिवशी पाणी किती ओढत होती. मालक वैतागले. "अहो, मोटार जयली हाये, मानूस नाई!" भाऊ शांतपणे म्हणाले, "जयन्याच्या आधी काई बोलली असन ना?" शेवटी विचारून विचारून निघालं ते असं, की खांबावरून येणाऱ्या तीन तारांपैकी एक खारीने कुरतडली होती. नुसती मोटार दुरुस्त करून दिली असती, तर आठवड्यात पुन्हा जळाली असती.

अशा माणसाकडे मी इलेक्ट्रिक गिटार घेऊन गेलो, त्याला कारण होतं. गिटार माझ्या मोठ्या बहिणीची. कॉलेजात असताना ती अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायची. मुलगी आणि गिटार, तेही त्या काळात! लोक गाणं सोडून तिच्याकडेच बघत. मग लग्न झालं, आणि आता पन्नास वर्षांची झालेली ती लाल गिटार माहेरीच, म्हणजे माझ्याकडे, राहिली. मागच्या वर्षी मेहुणे गेले. ताई अकोल्याच्या घरात एकटीच असायची, बोलणंही अगदी कमी झालं होतं. म्हटलं, गिटार दुरुस्त करून द्यावी, निदान हात तरी रमतील. अमरावतीतल्या दोन-तीन दुकानांनी "नवीन घ्या" म्हणून वाटेला लावलं. एकाने मात्र तारांखालची पट्टी उघडून पाहिली आणि सांगितलं, आतलं वेटोळं तुटलंय, वेटोळी गुंडाळणाराच शोधा.

भाऊंनी जन्मात इलेक्ट्रिक गिटार पाहिली नव्हती, पण डोळे असे चमकले, की बाहेर दोन मोटारी ताटकळत होत्या त्या विसरूनच गेले. चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तार. बराच वेळ उलटसुलट पाहून ते म्हणाले, "हे तं उलटी मोटार होय. मोटारीत करंट देला का हालचाल होते, इथं तार हालली का करंट होते." मग कुठल्याशा भंगारातल्या मीटरमधून बारीक तार काढली आणि गुंडाळायला बसले. तार सारखी तुटायची. म्हणून पंखा बंद, दार बंद, गिऱ्हाइकांना शिंकायची बंदी. मीसुद्धा श्वास रोखून बसायचो. आठ दिवसांनी गिटार बोलली, पण भाऊंच्या कपाळावर आठी. "आवाज आहे हो. पन असाच होता का?" मला काय ठाऊक! "मंग ज्यायले मालूम आहे त्यायलेच इचारू."

दुसऱ्या सकाळी गिटार आणि लाउडस्पीकरवाल्याकडून मागून आणलेला ॲम्प्लिफायर घेऊन आम्ही गाडीने अकोल्याला. ताईने गिटार पाहिली आणि पदराने हात पुसत नुसती उभी राहिली. भाऊंनी ना नमस्कार, ना चहाची वाट. "ताई, वाजवा, अन् सांगा." तिने एक तार छेडली आणि मान हलवली. "जाड वाटतो. घोंगडीखालून बोलल्यासारखा." भाऊ खूश झाले! तिथेच ओसरीवर बसून त्यांनी काही फेरे उलगडले. ताईने पुन्हा छेडली. पुन्हा नाही. आणखी फेरे उलगडता उलगडता, वर न बघता, भाऊंनी सहज विचारलं, "एवढी चांगली वाजवत होत्या तं सोडली कावून?"

आमच्या घरात हे कुणी कधी काढलं नव्हतं. मेहुण्यांनी बंदी घातली असणार, असं आम्ही आपसात धरून चालत होतो.

"कुणी सोड म्हणालं नाही हो," ताई म्हणाली. "हे तर स्वभावाने फार चांगले. पण वाजवतेस का, असंही कुणी विचारलं नाही. माहेरीसुद्धा नाही. मला वाटलं, आवडत नसेल कुणाला."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊंनी मान डोलावली, वेटोळं बसवलं, तारा ताणल्या. ताईने वाजवलं. बोटं अडखळत होती, मधेच थांबत होती, तरी ती वाजवत राहिली. "तसाच झाला काय?" भाऊंनी विचारलं. "तसा नाही," ती हसली, "पण आता हाच असू द्या."

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीशी डुलक्या घेत होते. मूर्तिजापूर गेलं, तरी माझ्या मनात ताईचं ते एकच वाक्य, "माहेरीसुद्धा नाही." घरी पोचल्या पोचल्या मी तिला फोन लावला. काय बोलायचं, ते ठरवलं नव्हतं. बराच वेळ घंटी वाजत राहिली, तिने उचलला नाही. वाजवत बसली असावी. मी पुन्हा लावला नाही.