रिकाम्या खुर्चीसमोरून

माझी भाची नगरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकायची. धाकावर चालणाऱ्या कारभाराचा अभ्यास करायला ती आमच्या गावी राहिली. जुने सरपंच वारले होते, तरी त्यांच्या ओट्यासमोरून जाताना आम्ही बाया चपला हातात घ्यायचो. ओट्यावर त्यांची रिकामी खुर्ची असायची.

"मावशी, मेलेल्या माणसाला काय भ्यायचं? आज चपला घालून चल."

"तू हायेस, तर चलते," मी म्हणाले.

भर दुपारी निघालो. ओट्यावर सगळीकडं धूळ होती, खुर्ची मात्र कुणीतरी पुसलेली. तरी मी चपला काढल्या नाहीत.

वळणावर मी खुशीत मागं बघितलं. भाचीच्या चपला तिच्या हातात होत्या.

"कवा काढल्यास गं?"

तिनं हाताकडं पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं.