झाकणाची फट

आमच्या मुलीनं वेस्ट विंडसरच्या घरामागच्या तळ्यातून दोन न्यूट आणले, तेव्हा ती दहा वर्षांची होती. न्यूट म्हणजे बेडकाच्या नात्यातला, पण पालीसारखा दिसणारा, पाण्यात राहणारा प्राणी. बोटाएवढी हिरवट अंगं, पाठीवर लाल ठिपके. मला शिसारी आली. ह्यांनी मात्र ऑफिसातल्या कुणाकडून जुना अ‍ॅक्वेरियम आणून दिला.

तिनं लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि सगळं स्वतः शिकली. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांना सोसत नाही, म्हणून बादली भरून दिवसभर तशीच ठेवायची. अंगणातली गांडुळं खणून, बारीक तुकडे करून घालायची. अभ्यासाचं सांगावं लागायचं, ह्याचं कधीच नाही.

एका शनिवारी ती मैत्रिणीकडे गेलेली असताना मी अ‍ॅक्वेरियमची काच पुसली आणि झाकण नीट लावलं नाही. संध्याकाळी आत एकच न्यूट होता.

मी गप्प बसले. ती रडली नाही, कुणावर चिडलीही नाही. टॉर्च घेऊन कपाटांखाली, सोफ्यामागे शोधत राहिली. तिसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनच्या मागे तो मला सापडला. सुकून काळपट पडलेला, अंगाला धुळीचे पुंजके चिकटलेले. मी त्याला कागदावर घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघाले होते.

"वेट, आई," ती म्हणाली.

तिनं त्याला ओल्या पेपर टॉवेलवर ठेवलं, बशीत अगदी थोडं पाणी घातलं आणि थेंबाथेंबानं त्याच्या अंगावरची धूळ सोडवली. मी स्वयंपाकाला लागले. कुकर उतरवला तरी ती तिथेच बसलेली. मग तिनं मला हलकेच हाक मारली. त्याचा मागचा पाय हलत होता.

पाच दिवस त्यानं काही खाल्लं नाही. ती रोज शाळेतून आल्यावर चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरून त्याच्या तोंडासमोर हलवत बसायची. हात अवघडला की हात बदलायची. मोठ्या माणसांतही इतका धीर मी फारसा पाहिला नव्हता. सहाव्या दिवशी त्यानं झडप घालून तुकडा ओढला.

तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "झाकण माझ्याकडून उघडं राहिलं होतं."

"आय नो," ती म्हणाली. "काच क्लीन होती ना."

म्हणजे तिला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. आठवडाभर घरात वावरताना तिनं मला एका नजरेनंही ते जाणवू दिलं नव्हतं. तिनं चिमटा माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या न्यूटला कसं भरवायचं ते दाखवू लागली.