गुरू ग्रहाकडे निघालेली मावशी

माझ्या धाकट्या मावशीइतकी वजनाची धास्ती घेतलेली बाई उभ्या ठाणे जिल्ह्यात झाली नसेल. स्वतःच्या वजनाची नव्हे. आमरसासमोर ती फार उदार असे. धास्ती होती वस्तूंच्या वजनाची. मावशी अंतराळयानांची इंजिनिअर. ऐंशीच्या दशकात शेजारणी शिवणाचे क्लास घेत होत्या, तेव्हा ती एका सरकारी संस्थेत, यानाला अणुशक्तीवर वीज आणि वेग देण्याच्या कार्यक्रमाची प्रमुख होती. यानात ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब असतो, आणि मावशीच्या कळव्याच्या घरातही तोच चाले. टूथब्रशांच्या दांड्या अर्ध्या कापलेल्या, उलथन्याला भोकं पाडून त्याचा झारा केलेला. कल्याणला एका लग्नाला निघताना तिने आईच्या बॅगेतल्या एक सोडून सगळ्या साड्या गुपचूप काढून ठेवल्या. "नेसणार एकच ना ताई? मग बाकीचं ओझं कशाला?" त्या लग्नात आई तिच्याशी अक्षर बोलली नाही.

'अणू' हा शब्द सोसायटीत पसरला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मावशीकडून विरजण नेणं बंद केलं. मावशी थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"काकू, सूर्यापासून फार लांब गेलं, गुरूच्याही पलीकडे, की उन्हावर वीज होत नाही. तिथे यानाला स्वतःची ऊब लागते, वर्षानुवर्षं टिकणारी. ती अणूतून मिळते, आणि तिची वीज करणारं यंत्र आम्ही बनवतोय. आणि आत्ता तर सगळ्या चाचण्या साध्या विजेच्या हीटरवर चालल्यात!"

"अगं, म्हणजे गिझरच की!" काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून सोसायटीत मावशी 'गिझरवाल्या बाई' झाली, आणि तिला त्याचा कोण अभिमान!

नव्वदीच्या सुरुवातीला मात्र तो कार्यक्रमच बंद झाला. सध्या याची गरज नाही, असं वरून आलं. मावशी आमच्याकडे आली आणि पर्स मांडीवर धरून नुसती बसून राहिली.

"तुला काय, कुठेही नोकरी मिळेल," आई म्हणाली.

"मला मिळेल गं. पण माझी माणसं चहूकडे पांगली, तर हे काम पुन्हा कोण उभं करणार?"

मग आपल्या माणसांसाठी काम शोधत तिने दारोदार फिरायला सुरुवात केली. बर्फाळ डोंगरांवर हवामान मोजणाऱ्या यंत्रांना वीज मिळत नाही, असं तिला कळलं. उष्णतेची वीज करणारा आपला भाग घ्यायचा आणि खाली गॅसची ज्योत ठेवायची, एवढंच करायचं होतं! गुरू ग्रहाकडे निघालेली बाई डोंगरावर अडकली, म्हणून लोक हसले. मावशीही हसली, पण तिचा एकही माणूस पांगला नाही.

काही वर्षांनी अंतराळाचं काम पुन्हा सुरू झालं. प्रमुखपद अर्थातच मावशीकडे आलं. पण तिने डोंबिवलीच्या आपल्या तरुण सहकारी बाईंचं नाव पुढे केलं. "मी काही वर्षांत निवृत्त होणार. हे काम लांबचं आहे, माणूसही लांब पुरणारा हवा." निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्या हाताखाली राबली, आणि त्यांचा फोन आला की घरातसुद्धा उभी राहून "हो मॅडम" म्हणायची.

परवा गेलो होतो तिच्याकडे. तुमचं यान निघणार कधी, असं विचारलं. मावशी आंबे चिरत होती.

"निघेल. निघताना मीही बघेन, नशिबात असेल तर. पोचायला मात्र त्याला वर्षं लागतात रे. पोचेल तेव्हा तू बघ."

दूधवाला आला की दूध घेऊन ठेव, असं सांगावं, इतक्या सहज म्हणाली ती. मीही तितक्याच सहज "बरं" म्हणायचा प्रयत्न केला.