देवरे सरांचं गोड बोलणं

"पोट कसंय?" हा देवरे सरांचा नमस्कार होता. नाशिकच्या कॉलेजात मराठी शिकवायला मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये एक सावळा, रुंद खांद्यांचा माणूस माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "नवीन ना? पोट कसंय? रोज साफ होतं का?" मी नव्याकोऱ्या साडीत, हातात पेढ्यांचा पुडा. पुडाच पुढे केला. त्यांनी दोन पेढे उचलले. "एक माझा, एक माझ्या पोटातल्यांचा," म्हणाले आणि तासाला निघून गेले.

पोटातले म्हणजे जंतू. सर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि त्यांचा सगळा जीव आतड्यातल्या जंतूंवर होता. "बाई, तुम्ही स्वतःला एकट्या समजता," ते मला सांगत, "पण तुमच्या आत सटाण्याचा अख्खा आठवडे बाजार भरलाय. ते राबतात म्हणून तुमचं पचतं. त्यांना बरं वाटेल असं वागा." त्यांचं गाव सटाण्याजवळ. घरी अहिराणी, कॉलेजात मराठी, पण दोन्ही भाषांत तोंडाला लगाम नाही. प्रिन्सिपॉलांच्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणानंतर ते सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, भाषणात पाणी फार होतं. मीठ-साखर घातली असती तर जुलाबावर तरी चाललं असतं." बायकोशी तसंच, रिक्षावाल्याशी तसंच. माझ्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून विरजणाची वाटी आणली. "याला मरू देऊ नका. संसाराचं तुमचं तुम्ही बघा."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कॉलेजात रक्तदान शिबिर झालं. सर नेहमीप्रमाणे रांगेत पहिले. पुढच्या आठवड्यात रक्तपेढीनं त्यांना भेटायला बोलावलं. तिथून परत आले ते थेट स्टाफरूमच्या मधोमध उभे राहिले.

"ऐका रे सगळे. माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालाय. लिव्हरचा व्हायरस. कधी शिरला माहीत नाही. आईकडून आला असेल, नाहीतर लहानपणी आमच्या गावात एकाच सुईनं सगळ्या आळीला टोचायचे, तेव्हा. आता जी काय कुजबुज करायची ती माझ्यासमोर करा."

दुसऱ्या दिवशी चहाच्या ट्रेमधून त्यांचा कप गायब झाला आणि खिडकीत एकटा जाऊन बसला. कुणी ठेवला ते कळलं नाही. आम्ही सगळे वर्तमानपत्रांत डोकी खुपसून बसलो. सरांनी कप उचलून बघितला. "वा! प्रिन्सिपॉललासुद्धा स्वतंत्र कप नाही." मग खडू घेऊन आम्हालाच शिकवायला लागले. "हा चहातून पसरत नाही. हात मिळवून पसरत नाही. रक्तातून पसरतो, सुईतून पसरतो, आईकडून बाळाला जातो. आणखी एक मार्ग आहे, तो मराठीच्या बाई अलंकारिक भाषेत सांगतील." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मग ते लशीच्या मागे लागले. ओळखीच्या डॉक्टरांना कॉलेजात आणून एकेकाला पकडून त्यांनी लस टोचायला लावली. तिसरा डोस झाल्यावर कप गुपचूप ट्रेमध्ये परत आला. सर म्हणाले, "लस तुम्ही घेतली आणि बरा झाला माझा कप."

घरात वहिनींना आणि दोन्ही मुलींना त्यांनी तपासून घेतलं, लस दिली. फक्त गावाकडचा धाकटा भाऊ, नाना, ऐकेना. नानांची डाळिंबाची बाग होती आणि मुलगी लग्नाची होती. एकाच आईची मुलं, एकाच आळीत वाढलेली, म्हणजे व्हायरस नानांच्याही अंगात असणार, अशी सरांना धास्ती. पण नानांची धास्ती वेगळी होती. तपासणीत काही निघालं आणि गावात कळलं, तर पोरीचं जमायचं कसं? "माले काय धाड भरनी? मी चांगला शे," असं म्हणून ते फोन ठेवून देत. सर इकडे बंद फोनला शिव्या घालत. पुढे मुलीचं लग्न झालं, ती नांदायला गेली, तरी नानांचा नकार कायम. आता म्हणे नातवंडांचं बघायचं होतं.

वर्षं गेली. यावरची चांगली गोळी यायच्या आधीच व्हायरसनं आतल्या आत सरांचं लिव्हर निबर करत आणलं होतं. ते रिटायर होण्याच्या सुमारास एका दुपारी मला वहिनींचा फोन आला. "मॅडम, जरा येता का? हे मला 'अहो' म्हणतायत."

मला हसू आलं. वहिनी हसल्या नाहीत. "सकाळी म्हणाले, अहो, आपण दमला असाल, बसा. मला फार भीती वाटतेय."

मी गेले. सर शर्ट उलटा घालून खुर्चीत बसले होते. "यावं, यावं प्राध्यापिकाबाई," ते म्हणाले, "आपल्या येण्यानं घराला शोभा आली." आम्ही त्यांना रिक्षात घातलं. उतरताना त्यांनी रिक्षावाल्याचे आभार मानले, तेव्हा मात्र माझीही खात्री पटली.

डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय?"

"गोड बोलतायत," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर केली. सरांना हात पुढे ताठ धरायला सांगितले. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले. मग त्यांनी समजावलं. आतड्यातल्या जंतूंमुळे अमोनिया तयार होतो. धडधाकट लिव्हर तो रक्तातून काढून टाकतं. यांचं थकलंय, म्हणून तो मेंदूपर्यंत जातो आणि माणसाचा स्वभाव बदलतो. त्यांनी एक गोड सिरप लिहून दिलं. दोन दिवसांनी सरांनी चहाचा घोट घेतला आणि ओरडले, "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" वहिनींनी देवाला हात जोडले.

त्यानंतर त्या घरात नियमच झाला. सर खेकसत असले की सगळं ठीक. 'कृपया' म्हणाले की सिरपची बाटली. सरांना स्वतःला या प्रकाराचं कौतुक वाटायचं. "बाई, लिव्हर म्हणजे जकात नाका. आतड्यातून निघालेला सगळा माल आधी तिथं थांबतो. माझ्या नाक्यावरचा माणूस झोपलाय. आणि औषध काय, तर साखर! आपल्याला पचत नाही, पण जंतू आवडीनं खातात, पोट आंबट होतं, अमोनिया तिथंच अडकून बाहेर पडतो. म्हणजे भानगड त्यांची आणि जेवणावळही त्यांनाच."

मग एका सोनोग्राफीत गाठ दिसली. लिव्हरचा कॅन्सर. मुंबईला खेपा झाल्या, उपचार झाले, काही महिने बरे गेले आणि दुसरी गाठ आली. सर अंथरुणावर बसून वाचत राहायचे. एकदा मला म्हणाले, "आग व्हायरसनं लावली, हे नक्की. पण इतकी वर्षं फुंकर कोण घालत होतं? लिव्हर आजारी पडलं की आतड्याची भिंतही गळकी होते. जंतूंचं विष झिरपत लिव्हरला डिवचत राहतं. त्यानं गाठीला खतपाणी मिळतं की काय, असा काही लोकांना संशय आहे. अजून उंदरांवरच चाललंय. सिद्ध काही नाही."

"म्हणजे तुमच्या पोटातल्यांनीच घात केला?" मी विचारलं.

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "सगळ्यांनी नाही. एखाददुसरं कार्टं बिघडलं असेल. त्यासाठी अख्ख्या गावाला नावं ठेवू नयेत."

नाना भेटायला आले त्या दिवशी मी तिथंच होते. धिप्पाड माणूस, धोतर, टोपी, डाळिंबांची पेटी खांद्यावर. दारातूनच म्हणाले, "दादा, कसा शे?" नेहमीच्या शिवीच्या अपेक्षेनं ते हसतच होते. सरांनी सावकाश मान वळवली आणि हात जोडले.

"यावं नानासाहेब. आपण लांबून आलात, शिणला असाल."

नानांनी पेटी खाली ठेवली. "दादा, तू काय बोली ऱ्हायना?"

"आपल्याला माझी एक नम्र विनंती आहे," सर म्हणाले. "आपण रक्ताची तपासणी करून घ्यावी, अशी माझी मनोमन इच्छा आहे. कृपया नाही म्हणू नये."

वहिनी सिरप आणायला आत धावल्या. नाना पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि "जास, आत्ते जास," असं काहीसं पुटपुटले. लगेच जाऊन येतो, असं सांगत होते ते. वहिनींनी सरांना सिरप पाजलं, सरांनी डोळे मिटले आणि वहिनी नानांना घेऊन लॅबकडे गेल्या. फाटक वाजल्याबरोबर सरांनी एक डोळा उघडला.

"काय बाई, मराठी बरं जमलं का? 'मनोमन' बरोबर वापरला ना?"

मी म्हटलं, "सर, वहिनींचा जीव गेला असता!"

"तिला सिरप पाजू द्या. गोडच आहे."

नानांच्या रक्तात व्हायरस निघाला. पण त्यांचं लिव्हर शाबूत होतं. डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली आणि ठरावीक काळानं सोनोग्राफी करायला सांगितलं. हे कळल्यावर सरांनी भावाला अहिराणीत अशी काही शिवी हासडली, की शेजारच्या बाई गॅलरीत आल्या.

थंडी संपता संपता सर पुन्हा गोड बोलायला लागले. या वेळी नाटक नव्हतं आणि सिरपही चाललं नाही. वहिनी दिवसभर त्यांच्या उशाशी बसून असत. ते त्यांना 'अहो' म्हणत, त्या 'ओ' देत. असेच ते गेले.

नाना अजून तपासणीला नाशिकला येतात आणि जाताना माझ्याकडे डाळिंबं टाकून जातात. भावकीतल्या सगळ्या पोरासोरांना त्यांनी लस टोचून घ्यायला लावली. गोळी रोजची, तब्येत ठणठणीत. मागं एकदा चहा घेताना मी त्यांना म्हटलं, "नाना, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी सरांना काही झालेलं नव्हतं. त्यांनी नाटक केलं होतं."

"मला तवाच समजलं व्हतं," नाना म्हणाले.

"कसं?"

"शाळंच्या नाटकात बी तो असाच बोलायचा. लय वाईट." त्यांनी बशीतला चहा संपवला, टोपी सारखी केली. "पण मॅडम, जलमात कुणाला गोड न बोललेला मानूस. माझ्यासाठी येवढं कष्टानं बोलला. मंग नाय कसं म्हननार?"