फळीच्या आतलं पिल्लू

शेजारच्या मावशी माणसांशीसुद्धा 'हाड्' म्हणूनच बोलतात. आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, म्हणून कुत्री आत शिरू नयेत यासाठी मावशी रात्री उंबऱ्यावर फळी लावतात.

देवळाच्या पार्किंगमधल्या कुत्र्याच्या आंधळ्या पिल्लाला मी रोज गुपचूप भाकरी घालायची. त्याला घरी आणायचं फार मनात होतं, पण सासूबाईंना विचारायचं धाडस झालं नाही. परवा मावशीच त्याला पदरात घालून घेऊन आल्या. आता ते रस्त्यावर जाऊ नये म्हणून फळी दिवसभर असते.

मी बाहेरून बघत उभी राहिले.

"बघती काय नुसती? ये की आत. फळी कुत्र्याला हाय, तुला न्हाई!" मावशी ओरडल्या.

मी फळीवरून हात आत घातला. पिल्लानं बोटं हुंगली आणि ते मावशींच्या आवाजाकडं पळालं. मी त्याला कधी हाकच मारली नव्हती.