फ्लेक्सच्या मागची पाटी

आमची स्कूटी आईच्या नावावर आहे. लोधिवलीच्या आसपासच्या गावांत आईने नर्स म्हणून आयुष्य काढलं. कधी पायी, कधी मिळेल त्या टेंपोत बसून ती पोरांना डोस द्यायला जायची. नोकरीची शेवटची काही वर्षं उरलेली असताना तिने स्कूटी घेतली आणि एका सुट्टीत मोकळ्या मैदानात, दोनदा पडून, ती चालवायला शिकली. आता ती निवृत्त आहे, आणि गाडी बहुतेक मीच वापरते. खालापूरला एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंगचं काम करते.

गेल्या वर्षी एका शनिवारी मी कर्जतला शिवायला टाकलेला ब्लाऊज आणायला गेले. स्टेशनच्या बाजूला रस्ता अरुंद होतो, त्या वळणावर गाडी लावली. पाचच मिनिटं, म्हणून लावली. टेलरकडे वीस मिनिटं गेली. परत आले तेव्हा गाडी जागेवर होती, कोणी काही बोललं नाही, मीही विसरून गेले.

चार दिवसांनी आईच्या मोबाइलवर ई-चलानचा मेसेज आला. हल्ली असे खोटे मेसेज येतात हे तिला माहीत होतं, म्हणून तिने लिंक दाबली नाही. संध्याकाळी मी घरी आल्यावर म्हणाली, "हे खरं हाय का बघ गं. नंबर आपल्याच गाडीचा हाय."

मी सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला. चलान खरं होतं. नो पार्किंग, दंड पाचशे रुपये, आणि सोबत फोटो. फोटोत हँडलला अडकवलेली माझी पिशवीसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"एवढं काही नाही," मी म्हटलं. "लगेच कोणी भरत नाही. लोक अदालत लागली की कमी करून देतात. आमच्या ऑफिसात रोज येतात लोक ह्यासाठी."

"गाडी माझ्या नावावर हाय. तिथं माझं नाव पुकारतील. मी उभी राहून काय सांगू? पोरगी ब्लाऊज आणायला गेलती?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तेवढ्यात मी फोटो मोठा करून पाहिला आणि एकदम म्हणाले, "आई, ह्यात पाटी कुठे आहे? नो पार्किंगची पाटीच दिसत नाहीये."

"मंग जाऊन बघू," ती म्हणाली.

रविवारी आम्ही गेलो. आई चालवत होती, मी मागे. ती इतकी सावकाश चालवते की चौक गावापासून कर्जतपर्यंत प्रत्येक ट्रकने आम्हाला हॉर्न दिला. तिने गाडी पैसे देऊन लावायच्या जागेत लावली, पावती पर्समध्ये ठेवली आणि आम्ही त्या वळणापर्यंत चालत आलो.

खांबावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भला मोठा फ्लेक्स बांधलेला होता. मधे एक मोठा हसरा चेहरा, खाली शुभेच्छा देणारे आठ-दहा लहान चेहरे. आईने त्याचा कोपरा धरून वर उचलला. मागे नो पार्किंगची पाटी होती.

मी भराभर फोटो काढले. समोरून, मागून, कोपरा उचललेला. माझ्या डोक्यात तक्रारीचा मजकूर तयारही झाला होता. "झालं काम," मी म्हटलं. "चलान रद्द होणार."

आईने फ्लेक्सचा कोपरा सोडला. "तुला ठाव होतं का, इथं गाडी लावायची नसती?"

नाही म्हणता आलं असतं. तिला कळलंही नसतं. पण कॉलेजपासून मी कर्जतला येते-जाते. तो फ्लेक्स लागायच्या आधी ती पाटी मी शंभरदा पाहिली असेल.

"होतं," मी म्हटलं.

"मंग?" एवढंच म्हणून ती वाहतूक पोलिसांच्या चौकीकडे चालायला लागली.

चौकीत माझ्याच वयाची एक कॉन्स्टेबल बसली होती. तिच्यासमोर एक गृहस्थ तावातावाने बोलत होते. डोंगराकडच्या एका गावचे, खोपोलीकडे कंपनीत कामाला, घरी थोडी शेती. बायकोला डॉक्टरकडे घेऊन आले होते, तेव्हा त्याच वळणावर बाइक लावली होती आणि त्यांनाही चलान आलं होतं.

"पाटी दिसलीच नाय, तर मला कळणार कसं, मॅडम? मी काय कर्जतला रोज येतो?"

"दादा, ओरडून काही होणार नाही. ऑनलाइन तक्रार टाका. वरून बघतील."

"मला नाय जमत ते ऑनलाइन."

कॉन्स्टेबलने आमच्याकडे पाहिलं. आणखी दोघी भांडायला आल्या, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. आई पुढे झाली. "बाय, आमचा दंड भरून घे. आनि ती पाटी फ्लेक्सखाली झाकली हाय, ते पन सांगायचं हाय."

कॉन्स्टेबलला काही समजेना. "मावशी, पाटी झाकलेली होती असं तुम्हीच म्हणताय. मग तुम्हीपण तक्रार करा ना. भरताय कशाला?"

"हिला ठाव होतं," आई माझ्याकडे बोट करत म्हणाली. "ह्यांना नव्हतं." मग मला म्हणाली, "ते फोटो त्यांना दे. आनि तक्रार तूच लिहून दे. तुझं रोजचं काम हाय."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आईचा राग आला. बाकड्यावर बसून मी मोबाइलवर त्या गृहस्थांची तक्रार टाइप करत होते, माझे फोटो त्यात जोडत होते, आणि शेजारी माझ्याच पाचशे रुपयांची पावती निघत होती. हो, पैसे तिने मलाच द्यायला लावले. ते गृहस्थ शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं पन चलान हाय ना?" मी मान हलवली.

फ्लेक्सचं काय, असं आईने विचारलं. कॉन्स्टेबल म्हणाली की तो काढायचं काम त्यांच्याकडे नाही, ती कळवेल, पण नागरिकांकडून लेखी अर्ज गेला तर बरं. आईने तिथेच कागद मागितला. औषधांच्या रजिस्टरात लिहायची त्याच टपोऱ्या अक्षरात तिने सहा ओळी लिहिल्या. कुणाचा फ्लेक्स आहे, कुणाचा वाढदिवस आहे, ह्याबद्दल एक शब्द नाही. पाटी झाकली जाते, बाहेरगावच्या माणसाला कळत नाही, तरी ती मोकळी करावी.

आठवड्याभरात फ्लेक्स उतरला. पंधरा दिवसांनी दुसरा लागला, दुसऱ्या कुणाचा. आई पुन्हा अर्ज घेऊन गेली. मी तिला म्हटलं, "पुरे आता. आपला काय संबंध राहिला?" तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बसने गेली. गाडी मला ऑफिसला लागते म्हणून बसने.

तिसऱ्या वेळी जायची पाळी आली नाही. एका दुपारी त्या कॉन्स्टेबलचाच फोन आला. फ्लेक्स बांधायला माणसं शिडी घेऊन आली होती, तेव्हा ती तिथे ड्युटीवर होती. तिने त्यांना पाटी दाखवली आणि फ्लेक्स पलीकडे बांधायला लावला. "थोडी वादावादी झाली, मावशी," ती सांगत होती. "पण मी म्हटलं, पाटी झाकलेली असताना मी लोकांना दंड कसा करू?" आईने फोन स्पीकरवर टाकला होता. तिचा चेहरा मी पाहत होते. नोकरीत असताना एखाद्या वाडीतली सगळी पोरं डोसाला आली की ती अशी घरी यायची.

पुढे त्या वळणावर वेगळा उंच खांब आला आणि पाटी वर गेली. कुणाच्या अर्जाने, ते मला माहीत नाही. कॉन्स्टेबलनेही वरच्यांना लिहिलं होतं म्हणे.

त्या गृहस्थांचं चलान रद्द झालं. ते मला फोनवर सांगून त्यांचं समाधान झालं नाही. माझं ऑफिस विचारत विचारत ते खालापूरला आले आणि वालाच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवून गेले. "तुमच्या आईला द्या," म्हणाले. "घरच्या हायत."

संध्याकाळी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. आईने खाली मान घालूनच विचारलं, "त्या दिवशी चौकीत माझा राग आलता ना?"

"आला होता," मी म्हटलं.

"दिसत होतं," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.